घासाघीस कुणाशी करायची?

जळगावात दुकानदारानं पहिल्यांदा सांगितलेला भाव ही नुसती बोलण्याची सुरुवात असते. तो खरा धरून पैसे काढणारा माणूस एक तर मुंबईचा असतो किंवा त्याच्या घरी लग्न असतं. हिवाळ्यात बामणोदची भरताची वांगी बाजारात उतरली की गिऱ्हाईक आधी वांगं उचलतं आणि तळहातावर तोलून बघतं. आकाराच्या मानानं ते हलकं लागलं की मनातल्या मनात खूश होतं, कारण हलक्या वांग्यात बी कमी. पण ही खुशी चेहऱ्यावर दिसू द्यायची नसते. भाव ऐकायचा, वांगं परत ढिगावर ठेवायचं, दोन पावलं पुढं जायचं. मागून हाक येतेच. सराफ बाजारात सोन्याच्या दरावर बोलायची सोय नाही, तर आमच्याकडच्या बायका घडणावळीवर बोलतात. घडणावळीतही काही सुटलं नाही तर निदान डबी तरी मोठी मागून घेतात.

हीच माणसं मोबाइलवर गोळ्या मागवतात, डॉक्टरांची वेळ घेतात, रक्ततपासणीचं पॅकेज ठरवतात आणि तळाशी रंगीत पट्टीवर जो आकडा येईल तो मुकाट्यानं भरून मोकळी होतात. कुणी ब्र काढत नाही. मला याचं फार दिवस नवल वाटत होतं. पैसा तर तोच, आणि तो देणारा माणूसही तोच. मग मेथीच्या जुडीला पाच रुपये कमी करून घेणारी आमची वहिनी फोनवर दोनशे रुपयांची वर्गणी भरताना अशी गरीब गाय का होते? मला वाटतं, घासाघीस करायला समोर तोंड लागतं. विक्रेता कपाळाला आठ्या घालतो का, हसतो का, ‘ताई, परवडत नाही’ म्हणताना त्याची नजर कुठं जाते, यावर पुढचा आकडा ठरतो. फोनला कपाळच नाही.

आमचे जिभाऊ धुळ्यात देवपुरात राहतात. नात्यानं चुलतभाऊ, वयानं बरेच मोठे. नोकरी एसटीत, कंडक्टरची. सगळं आयुष्य सुट्ट्या पैशांत गेलं. साक्री, शिरपूर, पारोळा, एरंडोल करत रात्री आगारात रोकड जमा करायची आणि आठ आणे कमी भरले तर स्वतःच्या खिशातून घालायचे. असा माणूस निवृत्त झाला तरी त्याच्या डोक्यातली पेटी बंद होत नाही. साठीनंतर त्यांना आधी रक्तदाब लागला, मग साखर. पुण्यातला मुलगा दिवाळीला आला आणि बापाच्या काळजीनं त्यानं फोनमध्ये एकेक ॲप टाकून दिलं. औषधं मागवायचं एक, डॉक्टरांशी बोलायचं एक, साखर नोंदवायचं एक आणि पावलं मोजायचं एक. भाऊबीज झाली, मुलगा परत गेला. ॲपं राहिली.

पुढं एका संध्याकाळी जिभाऊंचा फोन आला. पासबुक भरून आणलं होतं. “हाऊ कोन शे, दर महिनाले पैसा काढस?” आवाजात चोर सापडल्याचा आनंद होता. दर महिन्याच्या त्याच तारखेला १९९ रुपये जात होते. मी म्हटलं, साखर नोंदवायचं ॲप असेल. ते म्हणाले, ते तर फुकट आहे. तर ते पहिले सात दिवस फुकट होतं. फुकट घेतानाच ॲपनं यूपीआयची परवानगी मागितली होती, मुलानं ती दिली होती आणि आठव्या दिवसापासून जिभाऊ आपल्याला ठाऊक नसलेल्या एका मासिकाचे वर्गणीदार झाले होते.

वर्गणी हा प्रकार काही जळगाव-धुळ्याला नवा नाही. जळगावातल्या एका चौकाचं नाव काव्यरत्नावली चौक आहे, आणि ते नाव गावातून निघणाऱ्या, कवितेलाच वाहिलेल्या एका मासिकावरून पडलेलं आहे. नारायण नरसिंह फडणीस ते चालवत. ज्या गावानं नुसत्या कवितांच्या मासिकाला वर्गणीदार दिले, त्याला वर्गणी काय शिकवायची? पण मासिकांच्या वर्गणीत एक सज्जनपणा होता. वर्ष संपलं की अंकाबरोबर चिठ्ठी यायची, कृपया वर्गणी पाठवावी. नाही पाठवली तर अंक यायचा बंद व्हायचा आणि संपादक मनात काय म्हणायचे ते म्हणायचे. ॲपच्या वर्गणीत उलटं आहे. तिथं चालू ठेवायला काही करावं लागत नाही, बंद करायलाच खटपट.

रिझर्व्ह बँकेनं यावर इलाज केलेला आहे, तो जिभाऊंना सांगितला. १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम असा की अशी रक्कम आपोआप कापायची झाली तर निदान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं आणि नको असेल तर बाहेर पडायची सोय द्यायची. १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला मात्र दर वेळी ओटीपी लागत नाही. त्यामुळे पैसे निघताना फोन आपल्याला विचारत नाही, आदल्या दिवशी फक्त सांगतो. “मले कोनी सांगं नही,” जिभाऊ म्हणाले. सांगितलं होतं. त्यांचा फोन नंतर माझ्या हातात आला तेव्हा निरोप दिसला. कर्ज मंजूर झाल्याचे, रमी खेळायचे आणि साड्यांच्या सेलचे संदेश होते, त्यांच्या मधोमध इंग्रजीत हा एक. नियम पाळला गेला होता. आता हा निरोप मराठीत आणि मोठ्या अक्षरांत पाठवायला कुणाच्या बापाचं काय जातं, असं मला वाटतं, पण नियमात तसं नाही.

मग आम्ही ती वर्गणी बंद करायला बसलो. ज्यांना वाटतं की ॲप फोनमधून काढून टाकलं की काम झालं, त्यांनी इथं जरा थांबावं. ॲप गेलं तरी परवानगी बँकेकडे राहते आणि पैसे जात राहतात. ती परवानगी पैसे पाठवायच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ नावाच्या खणात सापडते आणि तिथूनच रद्द करता येते. पण जिभाऊंना आडवाटेनं जायचं नव्हतं. पुढच्या दरवाजानं जाऊन ‘मला नको’ असं त्या कंपनीला तोंडावर सांगायचं होतं. कंपनीचं नाव मी इथं घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, या धंद्यात पुष्कळांची रीत सारखीच आहे.

‘खातं’ म्हणून एक पान, त्यात ‘माझी योजना’, त्यात अगदी तळाशी, राखाडी अक्षरात, ‘योजना व्यवस्थापन’. तिथं गेल्यावर पडद्यावर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र आलं आणि प्रश्न आला की तुम्ही खरंच जाताय का. खाली दोन पर्याय. हिरव्या, भरलेल्या पट्टीवर लिहिलं होतं, ‘नाही, मला निरोगी राहायचंय’. त्याच्याखाली बारीक अक्षरात, ‘हो, मला माझ्या आरोग्याची काळजी नको’. जिभाऊंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि फोन टेबलावर ठेवला. “नही म्हनं तं काय मी मरी जासू?” ते खरोखर दुखावले होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी दारू प्यालेला, विनातिकीट, शिव्या देणारा असा प्रत्येक जातीचा प्रवासी पाहिला होता. पण ‘मला माझी काळजी नको’ असं लिहून द्यायला कुणी लावलं नव्हतं.

या लिहून घ्यायच्या प्रकाराला कायद्यात नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीविरुद्धच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अशा १३ युक्त्या एकेक करून नोंदवलेल्या आहेत. नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी भाषा वापरणं हा त्यातला एक प्रकार. गिऱ्हाईकाला न विचारता टोपलीत जिन्नस टाकणं हा दुसरा. वर्गणी बंद करायचा रस्ता लांब आणि अवघड करणं, तो लपवणं, फुकट म्हणून दिलेल्या गोष्टीसाठी आधीच पैसे कापायची परवानगी मागणं, हे सगळं ‘वर्गणीचा सापळा’ या एका सदरात येतं. ती यादी मी जिभाऊंना वाचून दाखवली तर ते म्हणाले, लिहिणारा माणूस बाजारात हिंडलेला दिसतो. तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. जिभाऊंनी नंबर पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतला, पण लावला नाही. कारण पुढं गंमत झाली.

त्यांनी त्या बारीक अक्षरावर बोट ठेवलं आणि पडदा बदलला. ‘थांबा! तुमच्यासाठी खास, पुढचे तीन महिने फक्त ९९ रुपयांत.’ जिभाऊ माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी बाजारात फार वेळा पाहिलेलं आहे. मागून हाक आली होती. त्यांनी ती ऐकली न ऐकल्यासारखं केलं आणि पुन्हा ‘रद्द करा’ दाबलं. आता आकडा आला ४९. “बघ,” ते म्हणाले, “याचा भाव हाच व्हता.” म्हणजे तोंड नसलेलं हे दुकानही शेवटी दुकानच निघालं, फक्त त्याला दुकानात असलेलं गिऱ्हाईक दिसत नाही, निघालेलं दिसतं. आत बसून कितीही बोला, आकडा हलत नाही. चपला घातल्या की हलतो. हा शोध लागल्यावर जिभाऊ इतके खूश झाले की ४९ लाही घेतलं नाही. भाव पाडायचा तेवढा पाडून न घेता निघून येण्यात जे सुख आहे ते खानदेशाबाहेर कितीसं ठाऊक आहे, मला माहीत नाही. शिवाय तीन महिन्यांनी ४९ चे परत १९९ होणार हे खाली बारीक लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं. साखरेचे आकडे आता ते वहीत लिहितात. वहीला वर्गणी नाही.

पण ॲपांवर नुसता राग काढणं मला पटत नाही. त्यांनी वाचवलेला पैसाही मोजला पाहिजे, आणि तो मोजायला जुन्या दिवसांतला डॉक्टरकडचा एक दिवस आठवावा लागतो. यावल तालुक्यातल्या एखाद्या गावाहून म्हाताऱ्याला जळगावला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे नंबर लावायला सकाळी सहाची गाडी. म्हाताऱ्याबरोबर मुलगा, मुलाची मजुरी बुडालेली. सून हवीच, कारण डॉक्टर काय म्हणाले ते तिलाच नीट लक्षात राहतं. तिघांची येण्याजाण्याची तिकिटं, मधे चहा, दुपारी नंबर न आल्यामुळे जेवण. आणि ‘आलोच आहोत तर’ म्हणून फुले मार्केटात एक फेरी, ती तर कधी हिशेबात धरलीच जात नाही. डॉक्टर सात मिनिटं बघायचे, म्हणायचे, गोळी चालू ठेवा, महिन्यानं दाखवा. घरी सांगायचे, डॉक्टरची फी अमुक इतकी. खरा खर्च फीच्या तिप्पट-चौपट असायचा, पण तो एसटीच्या तिकिटांत, चहाच्या कपांत आणि बुडालेल्या मजुरीत विखुरलेला, म्हणून दिसायचा नाही. जुनीच गोळी चालू ठेवायची असेल, तर व्हिडिओवर बोलणं हा त्या म्हाताऱ्यावर मोठा उपकार आहे.

या व्हिडिओच्या डॉक्टरकीला आपल्याकडे नियम मिळाले ते २५ मार्च २०२० ला. टाळेबंदीचा तो पहिला दिवस. त्या नियमांत आपल्या खिशाच्या कामाच्या गोष्टी आहेत. समोरचा माणूस नोंदणीकृत डॉक्टर असला पाहिजे आणि त्याचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक रुग्णाला दिसला पाहिजे. यंत्रानं आपल्या बुद्धीनं औषध लिहून द्यायचं नाही. प्रत्यक्ष भेटीसारखीच योग्य ती फी घेता येते, पण पावती द्यायची. दुरून भागणार नाही असं डॉक्टरला वाटलं तर त्यानं प्रत्यक्ष दाखवायला सांगायचं. शेवटचा हा नियम वैद्यकाच्या दृष्टीनं रास्त आहे आणि खिशाच्या दृष्टीनं इथंच मेख आहे. पोटात उजवीकडे दुखतंय म्हणून ॲपवर पैसे भरले, तर शहाणा डॉक्टर म्हणणार, हात लावून बघावं लागेल. मग आहेच दवाखाना आणि दुसरी फी. तेव्हा जिथं नाडी, पोट, घसा, छाती बघायची वेळ येणार हे आपल्यालाही कळतंय, तिथं फोन बाजूला ठेवून सरळ रिक्षा करावी. आमच्या गावातल्या डॉक्टरांकडे आणखी एक रीत आहे, तिला बाहेर ‘पेपर चालतो’ म्हणतात. एकदा फी भरली की आठवडाभरात पुन्हा दाखवायला पैसे नाहीत. ॲपवर पेपर किती दिवस चालतो, ते पैसे भरायच्या आधी वाचून घ्यावं. कुठं तीन दिवस असतो, कुठं चालतच नाही.

गोळ्यांचं प्रकरण याहून गहन. जिभाऊंच्या रक्तदाबाच्या गोळीची पट्टी मी एकदा खिडकीशी उजेडात धरून वाचली. पुढं मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव, त्याखाली औषधाचं खरं नाव, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. मागच्या बाजूला किंमत अशा ठिकाणी छापलेली की दोन गोळ्या खाल्ल्या की आकडा फाटतो. ॲपवर हेच औषध शोधलं की एकाखाली एक नावं येतात आणि पुढं पट्टीचा भाव. समजा, एक पट्टी ७५ रुपये, दुसरी १०५. बोट आपोआप ७५ वर जातं. पण पहिलीत १० गोळ्या आहेत आणि दुसरीत १५. म्हणजे स्वस्त दिसणारी गोळी साडेसातला पडली आणि महाग दिसणारी सातला. जिभाऊंनी हे क्षणात तोंडी केलं, पैसे-किलोमीटरचा हिशेब करण्यात हयात गेलेली. आमच्यासारख्यांनी कागद घ्यावा.

मग टोपली. गोळ्यांची किंमत, त्याखाली हिरव्या अक्षरात सूट, आणि सुटीचा आनंद ओसरायच्या आत हाताळणीचे पैसे, बांधणीचे पैसे, घरपोच आणण्याचे ३९. वर एक पट्टी चमकते, आणखी ४३ रुपयांची खरेदी करा, घरपोच मोफत. वहिनी ३९ वाचवायला ४३ चा साबण घेते. मे महिन्यात ओआरएसची पाकिटं घेते, ते एक वेळ चालेल, धुळ्या-जळगावचं ऊन माणसाला ४५ अंशांपर्यंत भाजतं. पण डिसेंबरातही घेते. रक्ततपासणीचं पॅकेज तर याचा थोरला भाऊ. ‘७२ तपासण्या, ३,९९९ खोडून फक्त ९९९.’ बहात्तर ऐकून माणूस गार पडतो. त्यातल्या वीसेक म्हणजे रक्तगणनेच्या एकाच तपासणीतल्या ओळी असतात, एका बाटलीतून एकाच यंत्रात निघणाऱ्या, प्रत्येक ओळ वेगळी धरलेली. यकृताची एक तपासणी, तिच्या दहा ओळी, दहा तपासण्या. जिभाऊंना डॉक्टरांनी सांगितलेल्या होत्या दोन, तीन महिन्यांची साखर आणि क्रिएटिनिन. उरलेल्या सत्तरांमध्ये दोन-चार आकडे लाल अक्षरात आले की त्यांच्यासाठी पुन्हा एक डॉक्टर.

सुटीचा आकडा छापील किमतीवर धरलेला असतो, आणि एकाच औषधाच्या छापील किमती कंपनीगणिक कुठल्या कुठं असतात, हे लक्षात ठेवलं की ॲपची ‘१८ टक्के सूट’ जरा लहान दिसायला लागते. सरकारच्या यादीतल्या औषधांना राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण कमाल किंमत बांधून देतं. ती बघायला त्यांचंच एक ॲप आहे, ‘फार्मा सही दाम’. जनऔषधी केंद्रांचंही आहे, ‘सुगम’ नावाचं. त्यात जवळचं केंद्र कुठं आणि तिथं औषध केवढ्याला, ते कळतं. डॉक्टरांना विचारून तिथून घेतली तर गोळी पुष्कळदा निम्म्याहून कमी पैशांत पडते. हे ॲप चकचकीत नाही. त्यात हसरं कुटुंब नाही, उलटी धावणारी घड्याळं नाहीत, ‘फक्त आजच’ नाही. आणि म्हणूनच, मला शंका आहे, ते आमच्या लोकांच्या फोनमध्ये नाही.

फुकट असलेल्या गोष्टींवर आमच्याकडे कुणाचाच विश्वास नाही. सूट असेल तर विश्वास आहे, पाच हजारांची वस्तू पाचशेला असेल तर रांग लागेल. पण मुळातच शून्य म्हटलं की माणूस मागे सरतो. ‘ई-संजीवनी’ हे केंद्र सरकारचं ॲप आहे, मोहालीच्या सी-डॅकनं तयार केलेलं. त्याची घरबसल्या ओपीडी १३ एप्रिल २०२० ला सुरू झाली. मोबाइल नंबर द्यायचा, टोकन घ्यायचं, रांगेत थांबायचं, डॉक्टर पडद्यावर येतात, बोलतात, चिठ्ठी फोनवर येते. पैसे नाहीत. गावातल्या उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारीही त्यावरून मोठ्या डॉक्टरशी बोलून देतात. मनाचं दुखणं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून, तोही फुकट. मी हे सगळं जिभाऊंना उत्साहानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्यास्ले काय मियस?” त्यांना काय मिळतं? मी म्हटलं, सरकार आहे ते, आपल्याच करातून चालतं. “फुकटमा काय बी मियत नही,” असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. ज्या ॲपनं त्यांचे महिन्याला १९९ काढले त्याच्यावर त्यांनी इतका संशय कधी घेतला नव्हता.

यावर मी त्यांना त्यांच्याच गावाची आठवण दिली. राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा सुरू झाली ती २ जुलै २०१२ ला, फक्त आठ जिल्ह्यांत, आणि त्यांत धुळे होतं, जळगाव नव्हतं. आम्ही वाट बघत होतो तेव्हा धुळ्याची पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची माणसं पैसे न देता ऑपरेशन करून घरी येत होती. तीच योजना पुढं महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालू राहिली. जिभाऊ म्हणाले, त्याची गोष्ट वेगळी, तिथं दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असायचा. माणूस असायचा, असं त्यांना म्हणायचं होतं. टेबल, खुर्ची, त्यावर बसलेला एक पोरगा, ज्याला ‘अरे, नीट बघ ना’ म्हणता येतं. हे मला खोडता येईना.

दुसरा घोटाळा ‘आभा’चा. १४ अंकी आरोग्य क्रमांक, देशभर त्याची सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ ला झाली. तो काढायला पैसा लागत नाही आणि मोठ्या सरकारी दवाखान्यांत दाराशी लावलेला चौकोनी कोड फोननं स्कॅन केला की केसपेपरच्या खिडकीवर नाव-गाव पुन्हा सांगावं लागत नाही. काम एवढंच, जुने कागद एका जागी राहावेत. पण आमच्या निम्म्या भाऊबंदकीचा पक्का समज आहे की आभा कार्ड म्हणजे पाच लाखांचं कार्ड. ते पाच लाख आयुष्मान कार्डाचे, विम्याचे. आभात दमडी नाही, तो नुसता फाईलचा क्रमांक. आशाताई दारोदार हे सांगून थकल्या. एकीनं मला सांगितलं, आता ती आधीच म्हणते, ‘मावशी, याच्यात पैसे नाहीत हं,’ आणि मावशी म्हणते, ‘मग कशाला काढू?’ जिथं पैसे मिळत नाहीत आणि पैसे जातही नाहीत, अशा वस्तूसाठी आमच्या बाजारात अजून खण नाही.

पावलं मोजायचं ॲप जिभाऊंनी ठेवलंय. ते खरोखर फुकट आहे, म्हणजे पैशांत. त्यांच्या चालण्याबद्दल त्याला सगळं ठाऊक आहे. सकाळी किती वाजता निघतात, पांझरेच्या पुलावर किती वेळ थांबतात, कचोरीच्या गाडीपाशी कितीदा. ही माहिती कुठं जाते? २०२३ चा कायदा म्हणतो, ती घ्यायची तर आपली संमती हवी. संमती आपण पहिल्याच दिवशी, न वाचता, दिलेली असते. जिभाऊंना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, कचोरीचं तेवढं वहिनीला न कळो.

खानदेशला या डिजिटल दुनियेशी परकेपणानं वागायचं खरं तर कारण नाही. देशातल्या बड्या संगणक कंपन्यांतली एक, विप्रो, १९४५ साली आपल्या अमळनेरात जन्मली, वनस्पती तूप काढायला. तुपापासून ती संगणकापर्यंत गेली, तर आमच्या औषधवाल्यांना फोनवर यायला काय अडचण? ते आलेही. देवपुरातला जिभाऊंचा नेहमीचा मेडिकलवाला बऱ्याच वर्षांपासून छापील किमतीवर दहा टक्के सोडतो आणि महिनाअखेरपर्यंत थांबतो. त्याला तोंड आहे, कपाळ आहे, आणि जिभाऊंची साखर वाढली की गोळ्या देताना तो एक शब्द बोलतो, त्याचे पैसे लावत नाही. गेल्या पावसाळ्यात त्यानं चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर घेऊन पोऱ्याच्या हाती गोळ्या घरी पाठवायला सुरुवात केली. आता काउंटरवर पैसे भरायचा चौकोनी कोडही चिकटवलाय आणि एक छोटंसं ॲपही करून घेतलंय, दुकानाच्या नावाचं.

जिभाऊ मुद्दाम दुकानात जाऊन ते बघून आले. सगळे खण उघडायला लावले, खातं, टोपली, पावत्या, आणि ‘ऑटोपे’ कुठं लपवलंय का ते. मग फोन परत देत त्यांनी विचारलं, “सगळं बरं शे. पन यामा उधारी कथा लिखतस?”

मेडिकलवाला हसला आणि गल्ल्याखालून लाल वही काढली. “जिभाऊ, ती यामाच शे.”